बांधणी, मालकी आणि ‘माझी आगबोट’ : किनारी प्रवासी वाहतुकीच्या वादातील ‘स्वदेशी’चा अर्थ

१

एखाद्या देशाच्या दोन बंदरांमध्ये प्रवाशांची ने-आण करणारे जहाज त्याच देशात बांधलेले असले पाहिजे काय, हा प्रश्न सकृद्दर्शनी नौवहनाच्या कायद्याचा आणि अर्थकारणाचा आहे. साहित्याच्या तौलनिक अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु हा वाद जेथे जेथे झाला, तेथे तो एका शब्दाच्या अर्थाभोवती फिरला. जहाज ‘आपले’ केव्हा होते? ते आपल्या गोदीत बांधले म्हणून, आपल्या माणसांच्या भांडवलातून विकत घेतले म्हणून, त्यावर आपले खलाशी आहेत म्हणून, की त्यातून आपण प्रवास करतो म्हणून? या चार उत्तरांपैकी कोणते उत्तर कोणत्या समाजाने केव्हा स्वीकारले, याचा इतिहास कायद्याच्या कलमांइतकाच आठवणींच्या पुस्तकांत, लोकांनी दिलेल्या उपाध्यांत आणि बोलीतल्या नावांत साठलेला आहे.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन मर्यादित आहे. अमेरिकेने किनारी प्रवासी वाहतुकीसाठी देशी बांधणीची कसोटी लावली; भारतातील राष्ट्रीय चळवळीने मालकीची कसोटी लावली. भारतीयांनी बांधणीचा प्रश्न सोडून दिला तो अनवधानाने नव्हे. ज्या समाजाच्या गोद्या आधीच निकामी झाल्या होत्या, त्याला दुसरी कसोटी परवडणारी नव्हती. ‘स्वदेशी’ या शब्दाला समुद्रावर जो विशिष्ट अर्थ प्राप्त झाला, तो बंगाली, तमिळ आणि मराठी या तीन भाषांमधील साधनांतून स्पष्ट दिसतो. मात्र या दोन्ही कसोट्यांच्या वादात प्रवासी हा घटक बहुधा बाजूलाच राहिला, हेही नोंदवावे लागेल.

२

बांधणीच्या कसोटीचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे. १८८६ च्या प्रवासी जहाज सेवा कायद्याने अमेरिकेच्या दोन बंदरांमध्ये परदेशी जहाजाने प्रवासी नेण्यास मनाई केली आणि दर प्रवाशामागे दोन डॉलर दंड ठेवला. १८९८ मध्ये तो दोनशे डॉलर करण्यात आला. किनारी वाहतुकीच्या परवान्यासाठी जहाज अमेरिकेत बांधलेले असणे ही अट याच व्यवस्थेचा भाग आहे. १९२० च्या, जोन्स कायदा या नावाने प्रसिद्ध असलेल्या कायद्याने मालवाहतुकीसाठी तीच परंपरा पक्की केली. या धोरणाचे समर्थक गोदीतील रोजगार, कसबी कारागिरांची पिढी टिकवणे आणि युद्धकाळातील गरज या तीन गोष्टींवर भर देतात. विरोधक विचारतात की, ज्या प्रकारचे जहाज देशात बांधलेच जात नाही, त्याच्या संरक्षणार्थ केलेल्या कायद्याने नेमके कशाचे संरक्षण होते?

हा प्रश्न केवळ वादासाठी उभा केलेला नाही. मोठी सागरी प्रवासी जहाजे अमेरिकन गोद्यांतून १९५८ नंतर जवळजवळ बाहेर पडलीच नाहीत. १९९९ मध्ये मिसिसिपी राज्यातील पास्कागुला येथील इंगल्स गोदीला हवाई बेटांच्या मार्गासाठी दोन मोठ्या प्रवासी जहाजांचे काम मिळाले. ऑक्टोबर २००१ मध्ये ती जहाजे मागवणारी कंपनीच दिवाळखोरीत निघाली. अर्धवट राहिलेला सांगाडा अखेर जर्मनीतील ब्रेमरहाफेनला ओढून नेण्यात आला. २००३ मध्ये खास कायदा करून त्याला सूट देण्यात आली आणि २००५ मध्ये ‘प्राइड ऑफ अमेरिका’ या नावाने ते जहाज हवाईच्या किनारी मार्गावर आले. जर्मनीत पूर्ण झालेल्या जहाजाचे नाव अमेरिकेचा अभिमान असे असावे, यातील विसंगती सहज लक्षात येते. पुढे २०२१ मध्ये कॅनडाने महासाथीमुळे आपली बंदरे पर्यटन-जहाजांना बंद केली, तेव्हा सिएटलहून अलास्काला जाणाऱ्या परदेशी जहाजांचा मधला परदेशी थांबाच नाहीसा झाला. त्या थांब्याविना त्यांचा प्रवास बेकायदेशीर ठरत असल्याने मे २०२१ मध्ये अमेरिकन काँग्रेसला तात्पुरती सूट द्यावी लागली. कायदा अमेरिकन गोदीच्या रक्षणासाठी होता; प्रत्यक्षात अलास्काच्या बंदरगावांचा हंगाम कॅनडाच्या एका आदेशावर अवलंबून राहिला.

३

भारतात हा वाद असा का झाला नाही, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. बांधणीची कसोटी भारतीय किनाऱ्याला अपरिचित नव्हती. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची जी जहाजे बांधली, त्यांत ब्रिटिश आरमाराची मोठी लढाऊ जहाजेही होती. १८१७ मध्ये जलावतरण झालेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. ब्रिटनमध्ये मात्र जहाज कोठे बांधले आणि त्यावरील खलाशी कोणत्या वंशाचे, या कसोट्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय जहाजांच्या विरोधात वापरल्या गेल्या. राधाकुमुद मुखर्जींनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय नौवहनाच्या इतिहासात हे दुःख स्पष्टपणे व्यक्त झाले आहे. त्यानंतर लोखंड आणि वाफ यांनी सागाच्या जहाजांचे युगच संपवले.

यानंतर जे झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. १८५० च्या पाचव्या अधिनियमाने हिंदुस्थानचा किनारी व्यापार सर्व देशांच्या जहाजांना खुला करण्यात आला. ब्रिटनने स्वतःचा किनारी व्यापार १८५४ मध्ये खुला केला. पण तेथे ब्रिटिश गोद्या जगात सर्वांत बलाढ्य होत्या, आणि येथे स्पर्धेला उतरू शकेल अशी वाफेच्या जहाजांची एकही भारतीय कंपनी नव्हती. सारख्या शब्दांतील दोन कायद्यांचा दोन किनाऱ्यांवर अगदी भिन्न अर्थ झाला. पुढील अर्धशतकात ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशनसारख्या कंपन्यांनी किनारी वाहतुकीवर वर्चस्व मिळवले. ज्या काळात ‘स्वदेशी’ हा शब्द राजकीय झाला, त्या काळात स्वदेशी बांधणीची आगबोट मागणे म्हणजे अस्तित्वात नसलेली वस्तू मागणे होते. कापडाच्या बाबतीत हातमाग आणि चरखा हे पर्याय होते. आगबोटीला चरखा नव्हता.

४

या कोंडीतून वाट काढण्याचे तीन प्रयत्न तीन भाषांच्या स्मृतीत राहिले आहेत.

पहिला बंगालचा. रवींद्रनाथांचे वडील बंधू ज्योतिरिंद्रनाथ ठाकूर यांनी १८८० च्या दशकात लिलावात जहाजाचा एक सांगाडा विकत घेतला, त्यावर यंत्र आणि खोल्या चढवल्या आणि खुलना-बारिसाल या जलमार्गावर युरोपीय कंपनीशी स्पर्धा आरंभली. मार्ग नदीचा होता, समुद्रकिनाऱ्याचा नव्हे. पण प्रश्न तोच होता. त्यांच्या आगबोटींपैकी एकीचे नावच ‘स्वदेशी’ होते आणि ती पुढे बुडाली. १९१२ च्या ‘जीवनस्मृति’मध्ये रवींद्रनाथांनी ही हकीकत सांगितली आहे. देशप्रेमाने भारलेले तरुण धक्क्यावरून प्रवासी गोळा करून आणत, प्रवासी भाडे न देता जात आणि वर फराळही करीत. कर्ज मात्र वाढत गेले. या कथनाचा सूर प्रेमळ उपहासाचा आहे. जहाज कोठे बांधले होते, हा प्रश्न तेथे कोणालाच पडत नाही. ते ‘स्वदेशी’ ठरते ते मालकामुळे आणि त्याच्या तोट्यामुळे.

दुसरा प्रयत्न तमिळ प्रदेशाचा. व. उ. चिदंबरम् पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये तुतुकुडी येथे स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. तुतुकुडी-कोलंबो मार्गावर तिने ‘गालिया’ आणि ‘लावो’ या दोन आगबोटी आणल्या, त्या फ्रान्समधून खरेदी केलेल्या. स्पर्धक ब्रिटिश कंपनीने भाडे उतरवत नेले, आणि शेवटी फुकट प्रवासावर एक छत्री भेट, इथवर मजल गेल्याची हकीकत आजही सांगितली जाते. मार्च १९०८ मध्ये चिदंबरम् यांना अटक झाली, जबर शिक्षा झाली, आणि कंपनी त्यांच्या सुटकेपूर्वीच मोडली. टिळकांना गुरुस्थानी मानणाऱ्या या माणसाला तमिळ जनतेने ‘कप्पलोट्टिय तमिळन्’ ही उपाधी दिली, म. पो. शिवज्ञानम् यांच्या चरित्रग्रंथाचे आणि १९६१ च्या शिवाजी गणेशन यांच्या चित्रपटाचेही तेच नाव. ‘कप्पल्’ म्हणजे जहाज, ‘ओट्टिय’ म्हणजे हाकणारा, चालवणारा. हे क्रियापद अर्थपूर्ण आहे. लोकांनी ज्याचा गौरव केला तो जहाज बांधणारा नव्हता, आणि निव्वळ मालकही नव्हता. परदेशी बांधणीचे जहाज आपल्या सत्तेने समुद्रात हाकणे, हीच स्वातंत्र्याची खूण ठरली.

तिसरे नाव मराठी आहे. मुंबई आणि कोकणची बंदरे यांच्यामधील वाहतुकीवर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा दीर्घकाळ पगडा होता. स्वदेशीच्या वातावरणात सहकारी भागभांडवलावर इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी तिच्या स्पर्धेत उतरली. कोकणच्या माणसाने हे लांबलचक इंग्रजी नाव बाजूला ठेवून तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हटले. ‘तुकाराम’, ‘रामदास’ अशी बोटींची नावे संतांची. या बोटींची यंत्रे विलायती होती हे प्रवाशाला ठाऊक नव्हते असे नाही. पण ‘माझी’ या सर्वनामाने त्या बाबीला गौण ठरवले. येथे बांधणी अगर चालवणे यांपेक्षा वेगळा असा आपलेपणा व्यक्त झाला आहे : थोड्याशा भागभांडवलाचा, संतांच्या नावाचा आणि डेकवर पथारी टाकून मुलुखाला जाणाऱ्या चाकरमान्याच्या हक्काचा.

तीन भाषांमधील ही तीन साधने एकमेकांचे अनुवाद नाहीत. बंगाली कथनाच्या केंद्रस्थानी त्याग करणारा मालक आहे, तमिळ उपाधीच्या केंद्रस्थानी जहाज हाकणारा कर्ता आहे, आणि मराठी नावाच्या केंद्रस्थानी प्रवासी आहे. मात्र गोदी तिन्हींमध्ये अनुपस्थित आहे.

५

कायदेमंडळातील वादाने यांपैकी पहिले उत्तर उचलले. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. हाच दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ते जहाज इंग्लंडमधील बॅरो येथे बांधलेले, कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे पूर्वीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ होते. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून ते सिंदियाकडे आले. सिंदियाच्या संस्थापकांत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते आणि त्यांचे विस्तृत चरित्र ग. दे. खानोलकरांनी लिहिले आहे. १९२३ मध्ये ब्रिटिश कंपनीशी झालेल्या दहा वर्षांच्या करारात सिंदियाला पाऊण लाख टनांची मर्यादा स्वीकारावी लागली. स्पर्धेने संपत नाही त्याला कराराने बांधून घालण्याची ही रीत होती.

त्याच सुमारास नेमलेल्या हिंदी व्यापारी नौदल समितीने किनारी वाहतूक टप्प्याटप्प्याने भारतीयांकडे देण्याची शिफारस केली. १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किनारी वाहतूक राखून ठेवण्याचे विधेयक मांडले. ठरावीक वर्षांत वाहतुकीचा सर्व वाटा भारतीयांच्या नियंत्रणाखालील जहाजांकडे जावा, असा त्याचा आशय होता. ब्रिटिश हितसंबंधीयांनी त्याला भेदभाव आणि मालमत्तेचे हरण म्हटले. समर्थकांनी उत्तर दिले की, राक्षस आणि बुटका यांना समान नियम लावणे म्हणजे समता नव्हे. गांधीजींनी १९३१ मध्ये ‘यंग इंडिया’त लिहिलेल्या एका लेखाचे शीर्षकच ‘राक्षस आणि खुजा’ या अर्थाचे होते. विधेयक संमत झाले नाही, आणि १९३५ च्या कायद्यात ब्रिटनमध्ये नोंदलेल्या जहाजांविरुद्ध भेदभाव करण्यास बंदी घालणारे कलम आले.

या सबंध वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती : जहाजे विलायतेतच बांधली जातील. भारतीय मालकीची कंपनी यशस्वी झाली तरी तिची मागणी ब्रिटनमधील गोद्यांकडेच जाणार होती. १९४७ मध्ये सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने भारतीय नौवहनाची व्याख्या करताना मालकी, नियंत्रण आणि व्यवस्थापन या तीन शब्दांवर भर दिला. बांधणी हा चौथा शब्द त्यात नाही. १९५० मध्ये किनारी व्यापार भारतीय जहाजांना राखून ठेवण्यात आला आणि १९५८ च्या मर्चंट शिपिंग अधिनियमाने ‘भारतीय जहाज’ मालकीवरूनच ठरवले. इतर जहाजांना किनारी वाहतुकीसाठी नौवहन महासंचालकांचा परवाना आवश्यक केला.

बांधणीचा ध्यास नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. वालचंदांनी विशाखापट्टणम येथे गोदी उभारली. २१ जून १९४१ रोजी तिची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी ‘जलउषा’चे जलावतरण केले. पण बांधणी हे उद्दिष्ट राहिले, किनाऱ्यावर प्रवेशाची अट झाले नाही. उद्दिष्ट आणि अट यांतील हा फरक म्हणजे भारतीय धोरणाचा शहाणपणा होय, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

६

परंतु मालकीच्या कसोटीलाही स्वतःची मर्यादा होती, आणि ती सर्वांत क्रूरपणे उघड झाली ती मराठी किनाऱ्यावरच. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ब्रिटनमध्ये १९३६ साली बांधलेली, भारतीय सहकारी कंपनीची, संताचे नाव धारण करणारी ही बोट होती. तिच्यावर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. अपघाताची वार्ता मुंबईला तासन्तास कळली नाही. बोट ‘माझी’ होती यात शंका नाही. तथापि त्या सर्वनामातून जीवरक्षक साधनांची, भरतीच्या दिवसांतील गर्दीची किंवा पावसाळी समुद्रात बोट सोडण्याच्या निर्णयाची तपासणी निष्पन्न होत नव्हती. बोट कोणाची आणि कोठे बांधलेली, या दोन प्रश्नांपलीकडे ती प्रवाशासाठी कशी, हा तिसरा प्रश्न आहे. किनारी वाहतुकीच्या राष्ट्रवादी चर्चेत तो फारसा दिसत नाही.

पुढील काळातही किनाऱ्याची गरज बांधणीच्या सीमा ओलांडत राहिली. अंदमानच्या मार्गावर पोलंडमध्ये बांधलेली ‘नानकौरी’ आणि विशाखापट्टणमची ‘स्वराजद्वीप’ या दोन्ही जहाजांनी प्रवासी नेले. ज्या बेटांना मुख्य भूमीशी जोडणारा रस्ता नाही, तेथील रहिवाशाला या दोहोंतील फरक वेळापत्रकात आणि स्वच्छतागृहात जाणवत असेल, गोदीच्या नावात नव्हे. कोकणची जुनी बोटसेवा बंद पडल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०१८ मध्ये, मुंबई-गोवा मार्गावर पर्यटक-जहाज आले तेव्हा त्याला ‘आंग्रिया’ हे नाव मिळाले. कान्होजी आंग्र्यांच्या गोद्यांत गलबते आणि गुराबा बांधल्या जात. हे जहाज मात्र १९९७ चे जपानी होते. तीही सेवा टिकली नाही. २०२० च्या मार्चमध्ये मुंबई-मांडवा मार्गावर मोटारींसह प्रवासी नेऊ लागलेली बोट ग्रीसमध्ये बांधलेली होती. यांपैकी एकाही वेळी परदेशी बांधणीच्या विरोधात चळवळ झाली नाही. मालकीच्या कसोटीने घडवलेली ही दीर्घ सवय होती.

७

ही सवय आता बदलण्याच्या बेतात आहे. २००९ पासून परदेशी पर्यटक-जहाजांना भारतीय बंदरांमध्ये प्रवासी नेण्यासाठी किनारी परवान्याची अट शिथिल करण्यात आली. म्हणजे मालकीची कसोटी सैल झाली. उलट २०२० मध्ये सरकारी निविदांतील प्राधान्यक्रमात भारतीय बांधणीला वरचे स्थान देण्यात आले. आणि २०२५ च्या किनारी नौवहन अधिनियमाने परदेशी जहाजाला परवाना देताना ज्या बाबी लक्षात घ्यावयाच्या, त्यांत खलाशांचे नागरिकत्व आणि जहाजाच्या बांधणीविषयीच्या अपेक्षा यांचा समावेश केला. १९२८ च्या वादात जो शब्द कोणीही उच्चारला नव्हता, तो जवळजवळ शंभर वर्षांनी भारतीय कायद्यात शिरला आहे.

त्याचे स्वागत करावे काय? गोदी नसलेल्या काळात बांधणीचा आग्रह न धरणे हे जितके शहाणपणाचे होते, तितकेच गोदी उभी राहिल्यावर तिला काम मिळावे ही अपेक्षा रास्त आहे. कोची आणि विशाखापट्टणम येथील गोद्या प्रवासी जहाजे बांधू शकतात, हे आता सिद्ध झाले आहे. मात्र परवाना देताना विचारात घ्यावयाची एक बाब आणि प्रवेशद्वारावरची अभंग अट यांत पुष्कळ अंतर आहे. ते अंतर ओलांडले गेले, तर पास्कागुलाहून ब्रेमरहाफेनला ओढत नेलेल्या सांगाड्याचा इतिहास आपल्याही वाट्यास येऊ शकतो : कायदा गोदीचा, अपवाद कंपनीचा आणि प्रतीक्षा प्रवाशाची.

आपल्या भाषांनी या वादाला दिलेल्या शब्दांकडे म्हणून परत पाहणे उपयुक्त ठरते. कायद्याने आजवर मालकाला ओळखले आणि आता तो बांधणाऱ्याला ओळखू पाहत आहे. कोकणच्या बोलीने मात्र सुरुवातीपासून तिसऱ्याच माणसाच्या तोंडून बोट ‘माझी’ म्हटली होती. ‘माझी’ म्हणणारा तो माणूस ना भांडवलदार होता, ना गोदीतला कारागीर. तो तिकीट काढून डेकवर बसलेला प्रवासी होता. त्याची सुरक्षितता, त्याचे भाडे आणि पावसाळ्यातही त्याच्या बंदराचा संपर्क टिकणे, या गोष्टींना कसोटीचा दर्जा देणारी व्याख्या ‘स्वदेशी’ या शब्दात अद्याप बसवली गेलेली नाही. मालकी आणि बांधणी या दोन्ही कसोट्या तिच्यासमोर दुय्यम ठरवाव्या लागतील, आणि परदेशी बांधणीच्या जहाजाचा निर्णयही प्रत्येक मार्गाच्या प्रवाशाकडे पाहूनच घ्यावा लागेल.